युरोपसाठी विद्यार्थी शोधताना

धुळ्याच्या महाविद्यालयात मी युरोपचा इतिहास शिकवायचो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, त्यामुळे नोकरी गेली तर घरी ते कसं सांगतात, हे विचारायला वडीलधारं कुणी नव्हतं. आणि नोकरी जाण्याची वेळ दर जूनमध्ये यायचीच. विशेष विषयाला पुरेसे विद्यार्थी आले नाहीत की विषय बंद आणि शिकवणारा अतिरिक्त. म्हणून निकाल लागला की आम्ही सगळे प्राध्यापक एसटीने खेडोपाडी विद्यार्थी गोळा करायला निघायचो.

त्या वर्षी मला एकच विद्यार्थी कमी पडत होता. पारोळ्याजवळच्या एका गावात दुसऱ्या वर्षाला जाणारी मुलगी आहे असं कळलं, म्हणून गेलो. तिचे वडील ओट्यावर बसले होते. मी त्यांना फ्रेंच राज्यक्रांतीचं महत्त्व सांगितलं, वसाहती समजावल्या, आपल्याकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांत कसा जायचा तेही सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"भूगोलना सर कालदिन ई गयात," ते म्हणाले. "चहा बी पिनात."

म्हणजे भूगोलवाले माझ्या आधीच येऊन गेले होते. मी माझा चहा खाली ठेवला.

"त्या पोरेस्ले सहलले लई जातस म्हने. चार-पाच दिन. तुम्हनी सहल कोठे जास?"

"आमची सहल नसते, आबा."

"का बरं? युरोपले नई जास?"

शेजारी बसलेले दोघे मोठ्यांदा हसले. पारोळ्याचा किल्ला दाखवू, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण किल्ला अभ्यासक्रमात नव्हता, आणि अभ्यासक्रमाबाहेरचं काही कबूल करण्याची मला सवय नव्हती. विषय संपला, असं समजून मी उठलो.

"म्हंजे पोर रोज सांजले घर?"

"रोज. पाचच्या गाडीने."

"मंग इतिहासमाच नाव लिखा!"

जग पालथं घालणाऱ्या साम्राज्यांचा माझा विषय कुठेही जात नाही, म्हणून तगला. मी त्यांचे मनापासून आभार मानले.

पहिल्या तासाला मी सागरी शोधांपासून सुरुवात केली. खलाशी वर्षानुवर्षं घराबाहेर असायचे, असं सांगत होतो. ती मुलगी उभी राहिली.

"सर, त्यांना जायची परवानगी कोण द्यायचं?"

"राजे द्यायचे. एकदा तर राणीनं दिली."

"बाईनं?" तिनं विचारलं, आणि खाली बसून तेवढंच लिहून घेतलं.