पुसलेला जबाब

खोडरबराचा अभिमान वाटावा असं माझं एकदा वय होतं. बाविसावं. ग्रंथालयाचा प्रमाणपत्र कोर्स करून मी बारामतीच्या एका सार्वजनिक वाचनालयात नुकतीच लागले होते, आणि कोर्समध्ये शिकलेलं सगळं जगाला शिकवायची मला भारी घाई होती. नव्वदच्या दशकातली गोष्ट. घरोघरी केबल आली होती, आता वाचतंय कोण अशी तक्रार जो तो करायचा, आणि संध्याकाळी आमच्या वर्तमानपत्रांच्या टेबलाशी मात्र बसायला खुर्ची मिळायची नाही. एक पेपर तीन जण पानं वाटून घेऊन वाचायचे. मला ते फार अडाणीपणाचं वाटायचं. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

आमच्याकडं चार लोखंडी पेट्या होत्या, हिरव्या रंगाच्या. एकेका पेटीत चाळीस पुस्तकं. ज्या गावात पुस्तकांची सोय नाही तिथं पेटी तीन महिने राहायची, मग बारामतीला परत यायची, आम्ही पुस्तकं तपासायचो आणि पेटी पुढच्या गावाला जायची. माळेगावची पेटी कारखान्यावरून परतणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये टाकून देत. एक पेटी मात्र लासुर्णे आणि पळसदेव या दोन गावांमध्येच फिरायची, तीही एसटीच्या टपावरून. कंडक्टर तिचं भाडं मागत नसे, एखादं पुस्तक मागे.

माझ्या आधीचे ग्रंथपाल निवृत्त झाले तेव्हा चार्ज देताना म्हणाले होते, "त्या पेटीतल्या पुस्तकांवर पेन्सिलीचं लिहिलेलं असतं. तिकडं फार बघू नका." मला वाटलं, आळशी माणूस दिसतोय. पुस्तकावर लिहू नये ही पाटी भिंतीवर, आणि हे म्हणतात बघू नका!

हिवाळ्यात पेटी लासुर्ण्याहून परत आली. उघडते तो काय, पानापानाच्या कडेला पेन्सिल. दोन प्रकारची अक्षरं होती. एक जाड, ठासून लिहिलेलं, दुसरं बारीक आणि फिकं. मी दोन दिवस मांडी घालून बसले आणि चाळीसच्या चाळीस पुस्तकं स्वच्छ केली. दोन खोडरबर झिजले. काय लिहिलंय ते मी वाचलं नाही. मळ काढताना मळ कोण वाचतं? पेटीला कुलूप लावून मी ती पळसदेवला पाठवली, आणि त्या दिवशी घरी जाताना स्वतःवर इतकी खूश होते की वाटेत पाव किलो जिलबी घेतली.

तीन आठवड्यांनी एक आबा वाचनालयात आले. पांढरी टोपी, जाड भिंगाचा चष्मा, काखेत टॉवेलात गुंडाळलेलं पुस्तक. बरोबर त्यांची म्हातारी होती. तिला डॉक्टरला दाखवायला ते पळसदेवहून आले होते. ती दारातल्या पायरीवरच टेकली, आबा थेट माझ्या टेबलाशी आले. पुस्तक उघडून एका पानावर बोट ठेवलं.

"मॅडम, हितं जबाब यायचा हुता. कुटं गेला?"

"आबा, पुस्तकावर लिहायची परवानगी नाही. ती पाटी बघा."

"पाटी वाचली. जबाब कुटाय?"

"पुसला गेला," मी म्हटलं. 'मी पुसला' म्हणायला जीभ वळली नाही.

मग मला, एका अनोळखी पोरीला, त्यांनी सांगितलं. ती एक कादंबरी होती. तिच्यातला बाप रुसलेल्या लेकीच्या गावाला जातो, स्टँडवर शेवटच्या गाडीपर्यंत बसतो आणि तिला न भेटताच माघारी येतो. त्या पानावर आबांनी लिहिलं होतं, 'बाप घरी गेला असता तर लेकीनं दार उघडलं असतं का?' हा प्रश्न त्यांनी लेखकाला विचारलेला नव्हता. पेटीच्या दुसऱ्या गावात कुणी एक बाई हीच पुस्तकं वाचत होती. दोन वर्षं झाली, दोघं पानांच्या कडेला एकमेकांशी भांडत होते. एकाची पेटी दुसऱ्याकडं पोचली की जबाब पोचायचा.

"बाई आहे हे कशावरून?" मी विचारलं.

"'मी म्हणते' आसं लिवती की. तिचं समदं पटत न्हाय मला. पर खोटं लिवत न्हाय ती." मग म्हणाले, "माजी लेक इंदापुरात दिलेली हाय. दिलेली म्हंजी, तिची तीच गेली. जातीभायेर. नऊ वर्सं मी तोंड बगितलं न्हाय. तीनदा इंदापूरच्या स्टँडवर जाऊन बसलोय. फुडं पाय निघत न्हाय."

त्यांनी ते पान खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं. त्यांचं ठासून लिहिलेलं अक्षर पुसलं गेलं तरी कागदावर त्याचे वळ राहिले होते, प्रश्न नीट वाचता येत होता. त्याच्याखाली काहीच नव्हतं.

"बाईचा हात हलका हाय," आबा म्हणाले. "वळ उटत न्हाय. कोन हाय ती, मॅडम? नाव सांगा, मी इचारून येतो."

आणि मी म्हटलं, "वाचकांची माहिती बाहेर देता येत नाही." कोर्समध्ये तसं शिकवलं होतं. मी ते अगदी खणखणीत आवाजात सांगितलं. आज कुणी मला आयुष्यातलं एक वाक्य परत घ्यायला सांगितलं तर मी हेच घेईन.

"घ्या तुमचं बुक. आता कोरं हाय," म्हणून त्यांनी पुस्तक टेबलावर ठेवलं.

पायरीवरून म्हातारीनं विचारलं, "घावला का वो जबाब?"

"न्हाय."

तिनं माझ्याकडं बघितलं. "पोरी, जरा पानी देतीस का?" मी तांब्या नेऊन दिला. पाणी पिऊन ती म्हणाली, "मला येकदा बगायचीय लेक. ह्ये गेल्याबिगर मला कोन नेनार?" दोघं स्टँडच्या दिशेनं निघून गेली.

त्या आठवड्यात मला जेवण गोड लागलं नाही. रविवारी सुट्टी होती. लासुर्ण्याच्या नोंदवहीत ते पुस्तक शेवटचं कुणी नेलं होतं ते बघितलं आणि एसटीत बसले. पुस्तक मुद्दाम बरोबर घेतलं नाही. नोंद केल्याशिवाय पुस्तक बाहेर न्यायचं नाही, हा नियमही मला त्याच दिवशी पाळायचा होता!

त्या बाई निवृत्त नर्स होत्या. गाव त्यांना सिस्टर म्हणायचं. शिवारात सगळीकडं ऊस, आणि त्यांचं दोन खोल्यांचं घर गावाच्या कडेला. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली टेबलावर स्वतःची तीन पुस्तकं वर्तमानपत्राची कव्हरं घालून ठेवलेली. मी काय केलं आणि आबा काय म्हणाले ते सांगितलं. मला वाटलं चिडतील. त्या हसायला लागल्या.

"म्हणजे दोन वर्षांचं भांडण तू दोन दिवसांत मिटवलंस की!"

मग त्यांनी मला ते भांडण ऐकवलं. बऱ्याच ओळी त्यांच्या पाठ होत्या. एका पुस्तकातला सरपंच फार सज्जन होता. त्यावर आबांनी लिहिलं होतं, 'आसला सरपंच मी बगितला न्हाय.' सिस्टरनी खाली लिहिलं, 'मी म्हणते, तुमच्या गावानं निवडून दिला नसेल.' एका नायिकेला तिसऱ्या पानापासून ताप होता. सिस्टरनी लिहिलं, 'हिला कुणी गोळी का देत नाही?' आबांनी खाली, 'गोळी दिली तर बुक सपंल.' मी हसले. हसता हसता मला कळलं की हे सगळं, दोन्ही अक्षरांतलं, आता फक्त या बाईच्या डोक्यात उरलंय. मी चाळीस पुस्तकं पुसली होती.

"आबांना मी कोण हे माहीत नाही, तेच बरं आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या हातचा चहा घेतला असता का त्यांनी, मला ठाऊक नाही. लिहिलेलं मात्र घेतात. पेटीचे एवढे तरी उपकार."

"त्या प्रश्नाला तुम्ही काय लिहिलं होतं?"

"लिहिलं होतं, 'मी दार उघडलं असतं. पण बाप स्टँडवरून माघारी गेला तर मला कळणार कसं? आधी कडी वाजवा.'" मग म्हणाल्या, "पुस्तक आणलंस का? परत लिहून देते. नाहीतर थांब, चिठ्ठीवर देते."

आणि मी घड्याळ बघितलं. परतीची एसटी पाच मिनिटांवर होती. "राहू द्या, सिस्टर. मला पाठ झालंय. मीच लिहिते."

खरं सांगते, घाई हा नुसता बहाणा होता. चिठ्ठी घेतली असती तर ती द्यायला पळसदेवला जावं लागलं असतं, आबांच्या तोंडापुढं उभं राहावं लागलं असतं. ते मला नको होतं. सोमवारी मी त्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं सिस्टरचं वाक्य लिहिलं, शब्दाला शब्द, आणि पळसदेवला जाणाऱ्या एका माणसाबरोबर पुस्तक आबांना पाठवून दिलं. पाप फिटलं असं समजून मी कामाला लागले.

पुढं काहीच कळलं नाही. मी स्वतःला सांगत राहिले की आबा गेले असतील, लेक भेटली असेल. एप्रिलमध्ये पेटी पळसदेवहून परत आली. पहिलं तेच पुस्तक काढलं, पान उघडलं. माझ्या वाक्याखाली जाड अक्षर होतं.

'ह्यो हात बाईचा न्हाय. मॅडम, मनाचा जबाब लिवू नये. आमी खुळं न्हाय.'

खिडकीशी जाऊन पान तिरकं धरलं. माझ्या प्रत्येक अक्षराचा वळ कागदावर उठला होता. मीही दाबूनच लिहिते. शाळेत असताना वहीच्या मागच्या पानावर माझी सगळी अक्षरं उमटायची, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

त्या दिवशी मी रजासुद्धा टाकली नाही, नोंदही केली नाही. टेबल तसंच सोडून पुस्तक घेऊन लासुर्ण्याला गेले. सिस्टरनी ती ओळ वाचली, चष्मा पुसला, आणि माझ्या अक्षराशेजारी आपल्या फिक्या अक्षरात तेच वाक्य लिहिलं. खाली एक जास्तीचं: 'ही पोरगी खरं बोलते. उशीर मात्र तिनं केला.'

तिथून इंदापूर, इंदापुरातून पळसदेव. धरणाचं पाणी उतरलं होतं, जुन्या देवळाचा कळस वर आला होता, जाळी वाळत पडलेली. आबांचं घर विचारत गेले. आबा ओट्यावर बसले होते. आत खाटेवर म्हातारी होती. महिन्यापूर्वी तिच्या अंगावरून वारं गेलं होतं. उजवी बाजू लुळी पडली होती.

"माणसं वळखत न्हाय आता," आबा म्हणाले. आवाजात राग नव्हता, तो असता तर मला बरं वाटलं असतं.

मी पुस्तक पुढं केलं. त्यांनी पान डोळ्यांजवळ नेलं, मग उजेडात तिरकं धरलं, बोट फिरवून बघितलं. बोटाला काही लागलं नाही.

"ह्यो हाय बाईचा," ते म्हणाले. खुंटीवरची टोपी घातली. "मॅडम, संध्याकाळपातूर हिच्यापाशी बसाल का?"

मी बसले. पाणी पाजलं, माश्या हाकलल्या, तोंड पुसलं. दुपारी तिनं डावा हात माझ्या मनगटावर ठेवला आणि बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली.

"आलीस व्हय गं?" ती अडखळत म्हणाली. "लई दिस लावलंस."

मी हो म्हटलं. तिचा चेहरा असा निवला की मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं.

दिवस कलताना आबा आले. मागं त्यांची लेक, पदर सावरत, दारातच रडायला लागलेली. आबांनी कडी वाजवली होती, तिनं दार उघडलं होतं. सिस्टरचा जबाब खरा होता. हिवाळ्यातही तो खराच होता. लेक खाटेपाशी बसली, आईचा हात हातात घेतला.

म्हातारीनं तिच्याकडं नीट बघितलं. "कुनाची गं तू, पोरी?"

"तुजीच हाय, आये."

म्हातारीनं मान हलवली, समजूत घालावी तशी. मग माझ्याकडं वळली आणि आई लेकीला घरातलं काम सांगते त्या हक्कानं म्हणाली,

"पाव्हनी लांबनं आलीया. तिला पानी दे की गं."

मी उठले. त्या घरच्या लेकीला मी पाणी दिलं.