उणं सांगून पुस्तक देणारी

किन्शासाच्या बांदल भागातल्या वाचनालयात कॉमिक्स आणि चित्रकादंबऱ्यांचं एकच कपाट होतं. मालकी वाचनालयाची, पण त्यात काय यावं आणि कोणाच्या हाती काय पडावं, हे कपाट सांभाळणारी लुझोलो ठरवायची. नवं पुस्तक आलं की ती ते दोनदा वाचायची, एकदा गोष्टीसाठी आणि एकदा त्यातलं उणं शोधायला. तिची शिफारस करायची रीतच उलटी होती.

"हे नेऊ नका," ती मासेवाल्या ममा बोलुंबूंना सांगायची. "सासू फार छळते यात."

"माझ्या सासूपेक्षा जास्त?"

"जास्तच."

"शक्यच नाही," म्हणत ममा पुस्तक काखेत मारून चालत्या व्हायच्या.

नदीतल्या भुतांची नवी गोष्ट तिनं 'शेवट घाईत उरकलाय' असं सांगून नऊ जणांना दिली. नऊही जण शेवटावरून भांडायला परत आले आणि जाताना दुसरं काहीतरी घेऊन गेले.

मग पापा बोपे वाचनालयाच्या समितीचे अध्यक्ष झाले. निवृत्त शाळा तपासनीस, वयानं मोठे म्हणून सगळ्यांचेच पापा. पहिल्याच बैठकीत म्हणाले, "चित्रं पोरासोरांसाठी. कपाट रिकामं करा, शब्दकोश ठेवू." कुरबुर झाली तेव्हा जरा नमले. "बरं, मला एक पुस्तक द्या. शेवटच्या पानापर्यंत गेलो, तर कपाट राहील. शनिवारी सांगतो."

लुझोलो घाबरली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं कौतुक केलं. रेल्वेमार्ग कसा बांधला गेला यावरचा जाडजूड ग्रंथ दिला. "अप्रतिम आहे, पापा. केवढा अभ्यास!"

बुधवारी ग्रंथ परत आला. खुणेची फीत सहाव्या पानावर. "अभ्यास मी चाळीस वर्षं केलाय," म्हणत पापा व्हरांड्यात गेले.

"अगं पोरी, तू कौतुक केलंस?" ममा बोलुंबूंनी कपाळावर हात मारला. "तुझ्या तोंडचं कौतुक म्हणजे डॉक्टरनं अचानक गोड बोलावं तसं. कोण धजेल पुढे वाचायला?"

 लुझोलो दाराबाहेर बघत होती. पापा बोपे वाकून रुमालानं बुटांवरची धूळ टिपत होते. राखाडी सूट, पांढरा सदरा, टायपासून बुटांपर्यंत सगळं डाळिंबी. तीन रंग. चौथा नाही. या शहरातला खरा नेटका गृहस्थ एक वेळ उपाशी राहील, पण चौथा रंग अंगाला लावणार नाही.

तिनं वरच्या फळीवरचं पुस्तक ओढलं आणि धावत बाहेर गेली.

"पापा, एक सांगायचं राहिलं. हे चुकूनही वाचू नका. चोरीला गेलेला कोट शोधणाऱ्या शिंप्याची गोष्ट आहे, पण चित्रकाराला कपड्यांतलं ओ की ठो कळत नाही. नायकाला चार रंग घातलेत."

"एकाच वेळी?"

"एकाच वेळी."

पापांनी हात पुढे केला.

शनिवारी ते कागद घेऊनच बैठकीला आले. चष्मा लावला. "पान बारा, हिरवा पट्टा. पान सत्तेचाळीस, कोटाला बटणं तीन. पुढच्याच चौकटीत दोन. पान एकशे तीस, लग्नात, अहो लग्नात, तपकिरी बूट!"

"एकशे तीस म्हणजे शेवटचं पान, पापा," लुझोलो हळूच म्हणाली.

पापांनी चष्मा काढला.

"मी वाचलं नाही. मी तपासलं."

"तपासताना कोट कोणी चोरला ते कळलं?" मागून ममा बोलुंबू.

"मेव्हण्यानं!" पापांच्या तोंडून निघून गेलं. "मला पहिल्यापासून संशय होता त्याचा."

आधी खजिनदार हसला, मग सगळेच. पापांनी कागदाची नीट घडी घातली आणि इतिवृत्त लिहिणाऱ्याला सांगितलं, "लिहा. कपाट राहील."

बैठक उठल्यावर ते लुझोलोपाशी रेंगाळले.

"ते लग्न... मेव्हणा आत शिरतो आणि पुस्तकच संपतं. पुढचा भाग?"

"अजून आला नाही."

"मग त्या चित्रकाराला पत्र टाका, हात जरा चालव म्हणावं." पापांनी टोपी डोक्यावर ठेवली. "आणि बूट काळे."