हद्दीबाहेरचा चेंडू

मंडळी, आज दुपारी शेजारच्या सोसायटीतला चेंडू माझ्या अंगणात पडला. भिंतीपलीकडून आवाज आला, "जाऊ दे, दुसरा आण."

मला एकदम साठ-बासष्ट साल आठवलं. यवतमाळबाहेर साहेब लोकांचं गोल्फचं मैदान होतं, बाबा तिथे माळी. हद्दीचे पांढरे खुंट त्यांनीच रोवलेले. आमचं घर खुंटांच्या बाहेर. हद्दीबाहेर गेलेला चेंडू बाद, साहेब जुन्याच जागेवरून पुन्हा मारायचे. त्यामुळे आमच्या अंगणात चेंडू यायचे, माणूस कधीच नाही.

आई नव्हती. दिवसभर मी एकटीच. एकदा बाबा बाजाराला गेले आणि मी चार खुंट उपटून घरामागे रोवले. आमचं अंगण हद्दीत आलं. तासाभराने एक बाई चेंडू शोधत आल्या, माठातलं पाणी प्यायल्या, माझं नाव विचारलं.

संध्याकाळी बाबांनी खुंट परत जागेवर लावले. एवढंच म्हणाले, "असं काहून केलं वं पोरी?"

मी माठ पुन्हा भरून ठेवला.

आजचा चेंडू पायरीवर ठेवलाय. फाटक उघडंच आहे. तुमच्याकडे काही मागायला शेवटचं कोण आलं होतं?