कॅप्टन सरांचा जोडीदार

आमच्या कॅप्टन सरांइतका नियमाला जागणारा माणूस मी पाहिला नाही, आणि मुख्याध्यापिकेच्या डोक्याला त्यांच्याइतका ताप देणाराही पाहिला नाही. दोन्ही गोष्टी मी शपथेवर सांगू शकते, कारण ती मुख्याध्यापिका मीच. सीमाभागात, हळ्ळीखेडच्या वाटेवरच्या एका गावात आमची मराठी शाळा आहे. दारावर पाटी कन्नड, आत फळा मराठी आणि मैदानात पोरांची भांडणं दखनीत, असा आमचा कारभार. त्यात सर आले आणि हिंदीतल्या हुकमांचीही भर पडली. ‘सावधान’ म्हटल्यावर पहिलीची पोरंच काय, कुंपणावरची शेळीदेखील पाय जुळवून उभी राहते, असं गावात म्हणत. मी शेळी पाहिलेली नाही, पण आमचा शिपाई हातातल्या चहाच्या किटलीसकट ताठ झालेला मी स्वतः पाहिला आहे.

सर मूळचे कमठाण्याचे. अठराव्या वर्षी साधा शिपाई म्हणून फौजेत शिरले आणि अठ्ठावीस वर्षांनी खांद्यावर कॅप्टनचे तारे लावून बाहेर पडले. मधल्या काळात बर्फात राहिले, वाळवंटात राहिले, तंबूत कंदिलाशी बसून बी.ए. झाले. फौजेतून परतलेली आमच्याकडची माणसं किराणा दुकान काढतात नाहीतर पंचायतीला उभी राहतात. हे मात्र स्वतःच्या मुलाच्या वयाच्या पोरांशेजारी बाकावर बसून बी.एड. झाले आणि एक दिवस अर्ज घेऊन माझ्यापुढे उभे राहिले. मी विचारलं, “इतकी वर्षं झिजलात, आता घरी आराम करायचा सोडून शाळा कशाला?” गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, “माणसं चालवायची सवय लागलीय, बाई. शाळा न्हाई मिळाली तर घरी बायकोला चालवाय बघीन, आन् ती काय चालायची न्हाई.” मी त्याच दिवशी त्यांना गणित आणि भूगोल देऊन टाकले. पुढं एका लग्नात त्यांच्या सौभाग्यवती भेटल्या. त्यांनी माझे दोन्ही हात धरून आभार मानले.

त्यांच्या तऱ्हा काय सांगाव्यात! रोज सकाळी नखांची तपासणी व्हायची, पण आधी ते स्वतःचे दोन्ही हात पहिलीच्या पोरांपुढे धरायचे. एकदा एका चिमुरडीनं त्यांच्या अंगठ्याकडे बोट दाखवून मान हलवली, तर हा बर्फावर राहून आलेला गडी मुकाट्यानं माझ्याकडे नेलकटर मागायला आला. आमची माती लालभडक, पण सरांच्या काळ्या बुटांना तिनं कधी शिवलं नाही. कुंपणापाशी खिळ्याला एक फडकं टांगलेलं असे, ते आत येताना बूट पुसत आणि तेच फडकं मग अख्खी शाळा वापरी. भूगोल शिकवताना ते जगाच्या नकाशाआधी गावाचा नकाशा काढायला लावत, आणि त्यात विहीर, चिंच आणि चावणारं कुत्रं कुठं बसतं हे दाखवलं नाही तर अर्धे गुण कापत. पोरांवर त्यांनी कधी हात उगारला नाही. राग आला की हिंदी, माया आली की कन्नड, एवढाच त्यांचा चढउतार. पोरं युद्धाची गोष्ट मागून मागून दमली. सर म्हणायचे, “मोजे कोरडे ठेवायचे. बस, हीच गोष्ट.” मीही एकदा विचारून बघितलं. मलासुद्धा मोजेच मिळाले.

पण त्यांची खरी तऱ्हा म्हणजे जोडीदार. वर्गातल्या प्रत्येक पोराला त्यांनी एक जोडीदार नेमून दिला होता. एकाचं गणित चुकलं की दोघांनी बसून सोडवायचं, आणि दोघांनी वर्गात यायचं ते एकत्रच. जोडीदार आला नाही तर उंबरठ्याबाहेर थांबायचं. मग त्याच्या घरी जाऊन यायचं. तो आजारी असेल तर तसं सरांना येऊन सांगितलं की आत घेत. नुसताच घरी लोळत असेल तर त्याला उठवून आणायचं. सकाळी आमच्या गल्ल्यांतून पोरं पोरांना ओढत आणताना दिसायची. मी कुरकुरले तर म्हणाले, “फौजेत जोडीदाराला टाकून कुणी पुढं जात न्हाई, बाई. गणितात कामून जावं?” मी कुरकुरतच राहिले. हजेरी मात्र अशी सुधारली की तपासणीला आलेल्या साहेबांना ती खोटी वाटली.

एका वर्षी सातवीत पोरं भरली सत्तावीस. तेरा जोड्या झाल्या आणि रेणुका एकटी उरली. ती मेंढरंवाल्या घरातली. बाप वर्षातले सहा महिने कळपामागं फिरायचा, आई त्याच्याबरोबर आणि घर रेणुकाकडं, त्यामुळे तिची शाळा नेहमी उशिरा सुरू व्हायची आणि तोवर सगळ्यांच्या जोड्या लागलेल्या असायच्या. सरांनी इकडं-तिकडं पाहिलं आणि म्हणाले, “रेणुकाचा जोडीदार मी.” पोरं हसली. रेणुका हसली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेच्या फाटकाशी उभी राहून त्यांच्या मोटारसायकलची वाट बघू लागली आणि दोघं एकत्र वर्गात येऊ लागली. पोरगी हुशार होती. अपूर्णांकात तिनं सरांची चूक काढली, तेव्हा सरांनी तिला कडक सलाम ठोकला होता.

तुरी निघाल्या, रानं मोकळी झाली आणि रेणुकाच्या बापानं मेंढरं आळंद तालुक्यात निंबर्ग्याकडं नेली. तिकडचे शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतात. नेहमी तिची आई बरोबर जायची, पण त्या वर्षी ती बाळंतीण होती. म्हणून बापानं रेणुकाला नेलं. पुढच्याच रविवारी सर मोटारसायकल काढून तिकडं गेले, दिवसभर हिंडून कळप शोधला, बापाशी बोलले. बाप हात जोडून म्हणाला, “सायेब, माझं काय चुकायलंय ते मला कळतंय. पर मेंढरं कोण बघल?”  सर एकटेच परत आले. पोरीचं वर्ष तर जाणारच होतं, आणि आमच्याकडं सातवीत एकदा सुटलेली पोरगी परत येत नाही. थेट लग्नाची पत्रिका येते. हे मलाही ठाऊक होतं आणि त्यांनाही.

सोमवारी सर वर्गाबाहेर उभे राहिले. मी म्हटलं, “सर, तास सुरू झाला.” म्हणाले, “माझा जोडीदार आला न्हाई.” मी म्हटलं, “तुमच्याच नियमानं, जाऊन कारण विचारून आलात ना?” तर म्हणाले, “मेंढरं राखणं म्हंजे आजार न्हाई, बाई.” आणि हा माणूस खिडकीतून शिकवू लागला. आतला मॉनिटर फळ्यावर लिहायचा, हे व्हरांड्यातून ओरडून वर्तुळाची त्रिज्या सांगायचे. मॉनिटरची वर्तुळं बटाट्यासारखी निघत. दोन दिवस मी हसले, तिसऱ्या दिवशी संतापले, आणि चौथ्या दिवशी माझ्या खोलीत वस्तीवरची पाच-सहा तरुण पोरं येऊन उभी राहिली. ही सरांच्या समाजातली, बौद्ध घरांतली, शिकलेली पोरं. त्यातला एक थंड आवाजात म्हणाला, “बाई, आमच्या सरला वर्गाबाहेर कामून उभं केलाव?”

 माझं सासरचं आडनाव असं वरच्या जातीचं आहे की त्यांना दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. मी उत्तर द्यायच्या आत सर तिथं आले. म्हणाले, “बाईंनी न्हाई. मी माझ्या मनानं उभा हाय.” तेवढ्यात त्यांच्या पाठोपाठ बिराप्पा आला. हा रेणुकाच्या बापाचा चुलता, पंचाहत्तरीचा म्हातारा, काठी टेकत आलेला. त्यानं डोक्याचा पटका काढून हातात धरला आणि म्हणाला, “सायेब, आत चला. तुमच्या लोकांस्नी असं बाहेर बसवलेलं म्या ह्या डोळ्यांनी बघितलंय. आमच्या पोरीपायी ते पुन्ना बघायला लावू नगा. गावाची लाज जायलीय.”

 सर हळू आवाजात म्हणाले, “अप्पा, माझा बाप शाळेच्या बाहेर बसून शिकला. खिडकीतनं ऐकून. चार वर्सं. मास्तरनं पाटी दुरून बघितली, आत कवाच बोलावलं न्हाई. मला हितं रोज त्याची आठवण यायलीय. पर एक फरक हाय. त्याला आत यायचं होतं आन् कुणी घेत नव्हतं. मला सगळे आत या म्हणायलाव. बाहेर राहिलीय ती रेणुका. मी आत गेलो तर ती एकटीच बाहेर राहती.” एवढं बोलून ते परत खिडकीशी गेले आणि उरलेला तास पुरा केला. इतक्या वर्षांत त्यांनी वडिलांबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं. मला रडू आलं, आणि समोर पोरं होती म्हणून मी उगीच कपाटातल्या फायली हलवत बसले.

बिराप्पा पटका डोक्याला गुंडाळून काठी टेकत निघून गेला. पुढच्या मंगळवारी सकाळी फाटकाशी रेणुका उभी होती. चेहरा उन्हानं रापलेला, पायाला चिखल वाळलेला, दप्तर छातीशी धरलेलं. शेजारी बाप. मी विचारलं, “मेंढरं?” बाप खाली बघत म्हणाला, “चुलता राहिलाय तिकडं. म्या सांगितलं, थंडीचं ह्या वयात न्हाई झेपायचं. तर म्हणला, पोरगीस नेऊन सोड आदी, मग माझ्याशी बोल.” सर तोवर येऊन पोचले होते.  रेणुकानं फडक्यानं पाय पुसले, सरांनी बूट पुसले, आणि दोघं वर्गाच्या दाराशी आली. आमचं दार अरुंद आहे. रेणुका मागं सरून म्हणाली, “तुमी आदी, सर.” सरांनी मान हलवली. दोघं अंग चोरून, एकमेकांना धक्का देत, एकदमच आत गेली. मॉनिटरनं खडू टेबलावर ठेवला तो जवळजवळ फेकलाच.

रेणुका आता हुमनाबादला कॉलेजात आहे. बिराप्पा त्या हिवाळ्यातून धडधाकट परतला आणि पुढं दोन वर्षं गावभर स्वतःच्या पराक्रमाच्या गोष्टी सांगत हिंडला. सर निवृत्त होऊन कमठाण्याला शेती करतात. त्यांच्यामागं जोडीदारांची पद्धत आम्ही काही दिवस चालवली, मग ती आपोआप मोडली. कुणी मोडली असं म्हणता येणार नाही. आता हजेरी मोबाईलवर लागते, गैरहजर पोराच्या नावापुढं बोट टेकवलं की झालं. सरांची आठवण येते ती कुंपणाजवळचा रिकामा खिळा दिसला की. फार येते, हे लपवण्यात काही अर्थ नाही.

गेल्या महिन्यात सहावीतली एक मुलगी चार दिवस आली नाही. धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी ठेवलीय, असं कुणीतरी सांगितलं. पाचव्या दिवशी मी सरांना फोन केला. मागे विहिरीवरच्या मोटारीचं पाणी पाटात पडत असल्याचा आवाज येत होता. मी सगळं सांगितलं. बाप ऐकत नाही, चिठ्ठी पाठवून झाली, आता काय करावं ते सुचत नाही, असं बरंच काही. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “तिचा जोडीदार कोण हाय?”

 खरं उत्तर ‘कुणीच नाही’ असं होतं, पण ते मला त्यांच्यापुढं उच्चारता येईना.

“मी,” मी म्हटलं.

“मग माझ्याशी काय बोलायलाव, बाई?” सर म्हणाले. “जावा की.”

मी फोन ठेवला आणि चपला शोधू लागले.