‘आलो’ नावाचं बटण

पन्नाशीला थोडीच वर्षं राहिली असताना मी पुन्हा कॉलेजात जायला लागले, याची सगळ्यात जास्त मजा माझ्या मुलीला वाटली. दर रविवारी सकाळी ती दारातून ओरडायची, "आई, डबा घेतलास का? आणि मारामारी करू नकोस!" अभ्यासक्रमाचं नाव भारदस्त होतं: संस्थांमधील माहिती प्रणालींचा वापर व व्यवस्थापन. मी कोल्हापुरातल्या एका दूध संघात टँकरच्या वाहतुकीचं काम पाहते. संघात नवीन माहिती विभाग निघणार होता आणि त्याचं प्रमुखपद मला हवं होतं. व्यवस्थापक साहेबांच्या मनात मात्र पुण्याचा कोणीतरी होता.

"असं करा," साहेब म्हणाले, "कॉलेजचा प्रकल्प आपल्याच संघात करा. चालला तर विभाग तुमचा. नाही चालला तर पुणं."

इतका स्पष्ट सौदा मला आयुष्यात कोणी देऊ केला नव्हता. लग्नाच्या वेळीसुद्धा नाही.

विषय शोधावा लागला नाही. शिरोळ, गडहिंग्लज, चंदगड इथून दुधाचे टँकर येतात. कोणता कधी येतो यावर पुढचं सगळं ठरतं: कोणती टाकी रिकामी ठेवायची, कोणती धुवायला काढायची. ही माहिती मिळवायची म्हणजे दिवसभर फोनवर ओरडायचं. जीपीएसचा प्रस्ताव मंजुरीसाठी वर गेला होता, आणि आमच्याकडे वर गेलेलं लवकर खाली येत नाही. म्हणून मी साधा उपाय काढला. ड्रायव्हरच्या मोबाइलवर दोन मोठी बटणं आणि ऑफिसात एक स्क्रीन. टँकर रस्त्यावर असला की पिवळा, आवारात आला की हिरवा. संगणक कंपनीने बटणांसाठी इंग्रजी शब्द सुचवले. मी ते हाणून पाडले. वापरणाऱ्याच्या भाषेत बोला, असं सरांनी वर्गात शिकवलं होतं. मी बटणांवर लिहिलं: ‘निघालो’ आणि ‘आलो’. स्वतःवर फार खूश होते मी.

पहिल्या दिवशी सकाळी साहेब स्क्रीनसमोर येऊन उभे राहिले. सगळी स्क्रीन हिरवीगार.

"वा! सगळे आले?"

"आले, साहेब."

साहेबांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. मीही पाहिलं. आवारात एक कुत्रं झोपलं होतं. बाकी काही नव्हतं.

"मग आहेत कुठं?"

"आलेत," मी पुन्हा म्हणाले, कारण स्क्रीन तसं म्हणत होती. मग चंदगडच्या ड्रायव्हरला फोन लावला. हे आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर. त्यांचा आवाज असा, की फोन नसता तरी ऐकू आला असता.

"कुठं आहात?"

"आलो की, म्याडम!"

"आलो म्हणजे कुठं?"

"आलो म्हणजे आलोच! हितं गडहिंग्लजात च्या घेतोय."

"मग ‘आलो’ का दाबलंत?"

"आता काय सांगायचं! तुमीच बटण दिलंयसा की. गाडी चालू केली, आलो म्हटलं, दाबलं!"

साहेबांनी सगळं ऐकलं होतं. "दोन आठवड्यांनी, सोमवारी परत बघतो," एवढंच बोलून ते गेले. पुण्याचा उल्लेखही केला नाही, तेव्हाच मला धोका कळला.

संध्याकाळी मी नवऱ्याला फोन केला. "निघालो," तो म्हणाला. मागून कोणीतरी कॅरमची सोंगटी मारल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा केला. "आलोच!" मागून तोच कॅरम. मला हसू आवरेना. इतकी वर्षं या माणसाबरोबर राहून मला कळायला हवं होतं. निघालो म्हणजे अजून बसलोय. आलो म्हणजे उठतोय. पोचलोच म्हणजे रंकाळ्यावर कोणीतरी भेटलंय.

रविवारी वर्गात हे सांगितलं आणि तास तिथेच संपला. बँकेत नोकरी करणारी एक बाई म्हणाली, "आमच्यात ‘होतच आलंय’ म्हणजे फाइल उघडलीच नाही." कोणी म्हणालं, ‘बघतो’ म्हणजे बघणार नाही. सर डोळे पुसत म्हणाले, "तुमच्या प्रणालीत बिघाड नाही हो. तिला मराठी येत नाही."

सोमवार जवळ येत होता. मी ड्रायव्हर मंडळींना गेटजवळ गोळा केलं आणि नवे शब्द विचारायला लागले.

"‘पोचलो’ लिहू?"

"नगो. पोचलो म्हंजे पोचतोय."

"मग ‘दाखल झालो’?"

"दवाखान्यात हाय काय मी?"

"‘आगमन’?"

"गणपती हाय व्हय!" चंदगडचे ड्रायव्हर म्हणाले, आणि दुसऱ्या एकाने लगेच तोंडाने ढोल वाजवायला सुरुवात केली. गेटवरचा चहावालाही नाचायला लागला. मला रागवायचं होतं, पण बोलायला तोंड उघडलं की हसूच बाहेर यायचं.

त्या गोंधळात शिरोळचा टँकर गेटवर आला. ड्रायव्हर खाली उतरला, गेटवरच्या वहीत आल्याची सही केली आणि आमच्यात येऊन मिसळला. मी हसायची थांबले.

"सही न करता, सही केली असं कधी म्हणाल का?"

सगळे एकदम गंभीर झाले. चंदगडचे ड्रायव्हर तर दुखावलेच. "छ्या! असं खोटं कशाला बोलू?"

"मग ‘आलो’ म्हणालात ते खोटं नव्हतं?"

"त्यात काय खोटं? आलोच हुतो की!"

त्याच दुपारी बटणं बदलली. शीतकरण केंद्रातून, म्हणजे दूध थंड करून टँकरमध्ये भरतात तिथून, सुटताना ड्रायव्हर स्वतः टाकीच्या झाकणाला सील लावतो, म्हणून पहिलं बटण ‘सील लावलं’. दुसरं ‘सही केली’. जाण्यायेण्याबद्दल आम्ही काहीही बोलतो. हाताने केलेल्या कामाबद्दल तसं बोलवत नाही.

सोमवारी साहेब आले. स्क्रीनवर सगळे पिवळे. बराच वेळ काहीच झालं नाही. साहेबांनी घड्याळ पाहिलं, मी छत पाहिलं. मग एक चौकोन हिरवा झाला. साहेब खिडकीकडे गेले. गेटवर शिरोळचा टँकर उभा होता आणि ड्रायव्हर पेन हलवून आम्हाला दाखवत होता. दुसरा हिरवा झाला, साहेब पुन्हा खिडकीत. तिसऱ्याला तर ते चक्क पळाले. शेवटी चंदगडचा चौकोन हिरवा झाला, तेव्हा खिडकीपर्यंत जायची गरजच पडली नाही. "म्याडम, सही केली वोऽऽ!" अशी आरोळी वरपर्यंत आली.

"पुण्याला नको म्हणून कळवतो," साहेब धापा टाकत म्हणाले. "विभाग घ्या तुमचा. टँकरच्या वजनकाट्याचा संगणकही त्यातच आला."

मी शांतपणे आभार मानले, शांतपणे जिना उतरले आणि मोकळी जागा दिसली तिथे, साडी वर धरून, दोन्ही पायांनी उंच उडी मारली. मग आणखी एक. ती मोकळी जागा म्हणजे वजनकाट्याची लोखंडी फळी होती. केबिनमधल्या माणसाने मान वर न करता, टँकर चढला असं धरून, नोंद केली.

"म्याडम, उतरा! चढलीय नोंद!"

तासाभरात अख्ख्या संघाला माझं वजन कळलं. विभागप्रमुख म्हणून माझं पहिलं काम म्हणजे ती नोंद रद्द करणं. कारण लिहिल्याशिवाय संगणक पुढे जाऊ देईना. मी लिहिलं, ‘टँकर नव्हता, प्रमुख होत्या.’