वेचलेले दगड

काकूला रागावलेलं मी त्या आठवड्यात पहिल्यांदा पाहिलं. त्याआधी तिला रागवायला सवड नव्हती.

ती आमच्या शेजारची. लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्यांनी तिला उतारावरची द्राक्षबाग दाखवली. वेली थोड्या, दगड फार. दुसऱ्या दिवशी ती टोपलं घेऊन वाकली ती वाकलीच. पोटुशी असताना दगड वेचले. नवरा गेल्यावरही वेचले. टोपलं बांधावर ओतायचं, परत फिरायचं. बांधाची भिंत झाली, बागेचं अंगण झालं. लोक काकूलाच ‘चकाचक’ म्हणू लागले.

भिंतीपलीकडे दिराची बाग. त्याने जन्मात खडा उचलला नाही. म्हणायचा, "दगड काय पळून जाणार आहेत?"

मग टेकडीखाली वाइनरी आली. तिच्यामागून आणखी आल्या. दोघांची द्राक्षं एकाच हौदात पडायची. पुढे या भागाच्या नावानेच वाइन विकायचं ठरलं. हद्दीच्या आतल्यांची द्राक्षं त्या नावाच्या बाटलीत जाणार, बाहेरच्यांची रसाच्या कारखान्यात. आपल्या बागेचा माल त्या बाटलीत जावा, एवढंच काकूला हवं होतं.

हद्द आखायला समिती येणार होती. पाहुणे येणार म्हटल्यावर काकूने अख्खी बाग पुन्हा वेचली. मीही टोपलं धरलं. समिती आली तेव्हा ती ताठ उभी होती.

"चपला काढून चाला साहेब. खडा टोचला तर सांगा."

साहेबांनी एकमेकांकडे पाहिलं. मला वाटलं, कौतुकाने.

वाइनरीच्या कचेरीत नकाशा लागला. लाल रेघ बरोबर बांधावरून गेली होती. दीर आत. काकू बाहेर.

"चांगल्या वाइनला खडकाळ जमीन लागते, काकू," मॅनेजर म्हणाला. "तुमची माती फारच कसदार झालीय."

"झाली नाही. मी केलीय."

"तेच तर!"

दीर खिदळला. "वहिनी, आमच्या आळसाला शेवटी फळ आलं बघा."

"तोंड आवरा, भावजी. नाहीतर तुमचा एक दगड मी आजही उचलीन."

मला काही बोलायला हवं होतं. साहित्य शिकले होते मी. पण मी नुसती ती लाल रेघ बघत राहिले.

चार दिवसांनी मॅनेजर गवंड्याला घेऊन काकूच्या बांधावर आला. पाहुण्यांना वाइन चाखायला नवी खोली बांधायची होती. तिच्या दर्शनी भिंतीला त्याला हेच दगड हवे होते.

"पाहुण्यांना दाखवता येईल," तो म्हणाला, "ही आमच्या जमिनीची ओळख."

"कुठून आले हे दगड?" काकूने विचारलं.

"तुमच्याच बागेतून ना?"

"माझी बाग तुमच्या जमिनीत नाही. आणि तिच्यातले दगड तुमची ओळख?"

"काकू, नुसते पडून तर आहेत..."

काकूने पदर खोचला. भिंतीवरचा दगड दोन्ही हातांनी उपसला. गवंडी उडी मारून मागे सरला. पण दगड त्याच्याकडे गेला नाही. तो काकूच्या बागेत पडला. मागून दुसरा. वेलीची एक फांदी मोडली. तिने तिकडे पाहिलंही नाही.

"अहो, हे काय करताय?"

"पेरतेय. बोलवा तुमची समिती. म्हणावं, या खेपेला बूट घालून या."

पलीकडून दीर बघत होता. हसत नव्हता.

मी पुढे झाले. एक दगड उचलला.

"तो कसला घेतेस?" काकू माझ्यावर खेकसली. "मोठा घे!"