दुपारचे चार सिनेमे

बाबांना सिनेमाचं वेड उतारवयात लागलं. रेल्वेतली नोकरी संपून वीस वर्षं झालेली, आई गेलेली, आणि चौबे कॉलोनीतल्या घरात आम्ही दोघंच. मी सकाळी ऑफिसला निघाले की ते टीव्हीसमोर बसत. टीव्हीच्या मागे मी एक छोटी डबी लावून दिली होती. तिच्यावर सिनेमे भाड्यानं मिळत आणि विकतही. भाड्यानं घेतलेला दोन दिवसांत आपोआप नाहीसा होई, विकतचा मात्र राही.

"राहाते म्हणजे कुठं राहाते?" बाबा विचारत. "घरात तं काहीच वाढलेलं दिसत नाही."

खातं माझ्या नावावर होतं, म्हणून त्यांनी काही घेतलं की मेसेज माझ्या फोनवर येई. पण ते आठवड्यातून एखादा जुना हिंदी सिनेमा घेत, आणि तोही आधी मला विचारून.

मे महिन्यातल्या त्या दुपारी ऑफिसात मीटिंग चालू होती. फोन थरथरला. कुठला तरी इंग्रजी भुताचा सिनेमा भाड्यानं घेतला होता. दाबलं असेल चुकीचं बटण, म्हणून मी चिडून फोन टेबलावर पालथा घातला. वीसेक मिनिटांनी तो पुन्हा थरथरला. या वेळी लहान पोरांचं कार्टून.

मी बाहेर व्हरांड्यात आले. मागच्याच महिन्यात ऑफिसातल्या एकीच्या सासऱ्यांना, आम्ही पोलीस बोलतोय म्हणून, चोरट्यांनी दिवसभर फोनवर धरून ठेवलं होतं. बाबांनाही कोणी असंच धरलं असेल का? मी फोन लावला. रिंग वाजत राहिली. दुसऱ्यांदा लावला. कानाशी रिंग वाजत असतानाच तिसरा मेसेज आला.

घरात कोणीतरी रिमोटचं बटण दाबत होतं, आणि तेच माणूस फोन उचलत नव्हतं. ते माणूस बाबाच आहेत का, हेही मला कळत नव्हतं.

साहेबांना न सांगताच मी स्कूटी काढली. सदर बाजार चुकवून जाता येतं, पण घाबरलेल्या माणसाला रस्ता सुचत नाही. मी नेमकी त्याच गर्दीत शिरले. पुढे गाड्या, मागे गाड्या, वरून ऊन. गर्दीतच चौथा मेसेज आला. त्यानंतर फोन गप्प झाला, आणि ते गप्प होणं मला जास्त भ्यायला लावणारं वाटलं.

दार आतून बंद होतं. मी बेल वाजवली, मग दोन्ही हातांनी दार बडवलं. "बाबा! बाबा, दार उघडा!"

आत टीव्ही मोठ्यानं चालू होता. एक बाई किंचाळली, मग संगीत, मग कोणीतरी कण्हलं. ते कण्हणं सिनेमातलं की बाबांचं, ते कूलरच्या घरघरीत समजेना. मी दाराला कान लावून उभी राहिले आणि देवाला म्हटलं, सिनेमातलंच असू दे.

माझा आरडाओरडा ऐकून शेजारचे भैया बाहेर आले. "क्या हुआ दीदी?"

"बाबा दरवाज़ा नहीं खोल रहे."

ते धावत आत गेले. घरातून लोखंडी पहार आणली आणि फटीत घातली. तिसऱ्या हिसक्याला आतली कडी स्क्रूसकट उखडली.

बाबा दिवाण आणि कूलर यांच्या मधल्या जागेत पडले होते. लुंगी ओली, ओठ पांढरे, डावा पाय भलतीकडेच वळलेला. रिमोट छातीवर होता आणि अंगठा अजून बटणावरच. मी खाली बसले. त्यांनी डोळे उघडले.

"आली का, बाई?" एवढंच बोलले.

खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात दुखणं कमी व्हायचं इंजेक्शन दिल्यावर त्यांना बोलता आलं. कूलरचं पाणी फरशीवर गळलं होतं, त्यावरून ते घसरले. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. हाका मारल्या, पण मे महिन्यात साऱ्या कॉलोनीत खिडक्या बंद आणि कूलर चालू; कोण ऐकणार? हाताशी होता तो फक्त रिमोट.

"त्यात बोलायचं बटण आहे ना," ते म्हणाले. "पयले तेच दाबलं. म्हनलं, वाचवा, वाचवा. तं त्यानं सिनेमेच दाखवले. ढीगभर."

मला रडू आलं. ते मात्र शांतपणे सांगत होते. "मंग आठवलं, काही घेतलं का तुले मेसेज जाते. समोर जो दिसला तो घेत गेलो. पयला आला तेव्हाच समजलं ना तुले?"

हो म्हणणं सोपं होतं. "नाही, बाबा," मी म्हटलं. "पहिला आला तेव्हा मी चिडले. फोन पालथा ठेवला."

ते म्हणाले, "चार दाबले ते बरं केलं मग."

ऑपरेशन नीट झालं. तीन आठवड्यांनी वॉकर धरून ते घरी आले आणि दाराशीच थबकले. उखडलेली कडी मी पुन्हा बसवलीच नव्हती. बाहेरून किल्लीनं उघडेल असं कुलूप लावलं होतं.

"कडी काहून काढली?"

"तुम्ही आत अडकाल म्हणून."

"आन् चोर आला तं? मले आता पळता येते का?"

त्यावर आमचं दोन दिवस भांडण चाललं. कडी नको हे माझं भय, कडी हवी हे त्यांचं. शेवटी कडी लागलीच नाही. त्यांनी खुर्ची मात्र फिरवून घेतली. आता दुपारी सिनेमा चालू असतो आणि बाबा दाराकडे तोंड करून बसतात. मी ऑफिसातून एक वाजता फोन करते. ते तिसऱ्या रिंगला उचलतात, पण पहिल्या दोन रिंगांमध्ये माझा जीव खाली-वर होतो.